तिघंही चेंडूमागे पळाले म्हणून गोल खाल्ला : रॉकेट लीगमधलं 'रोटेशन' म्हणजे नेमकं काय?

समजा तीन मित्र आहेत. एक नांदेडच्या भाग्यनगरात राहतो, दुसरा लातूरच्या ट्यूशन एरियात रूम करून आहे, तिसरा उदगीरला घरीच. रात्री दहानंतर तिघं ऑनलाइन भेटतात आणि रॉकेट लीग खेळतात. तिघांनाही गाडी बऱ्यापैकी चालवता येते. एकाने तर युट्यूब बघून गाडी हवेत उडवायलाही शिकून घेतलंय. तरी रोज हरतात. आणि हरल्यावर तिघांचं म्हणणं एकच असतं, "मी होतो ना, तू कशाला मधे आलास?"

भांडणाचं मूळ याच वाक्यात आहे. रिप्ले लावून बघितला तर गोल खाल्ला तेव्हा तिघंही एकाच चेंडूपाशी सापडतात आणि मागे स्वतःचा गोल सताड उघडा. समोरच्या टीमने फार भारी काही केलेलंच नसतं. त्यांनी नुसता एक लांब फटका मारलेला असतो आणि चेंडू निवांत घरंगळत आत गेलेला असतो.

या गेममध्ये नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो. त्यावरच्या उपायाला खेळाडू 'रोटेशन' म्हणतात. शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण "आळीपाळीने जायचं" यापलीकडे त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. तो समजून घेऊ.

आधी गेम काय आहे ते

रॉकेट लीग म्हणजे गाड्यांनी खेळायचा फुटबॉल. सायोनिक्स या अमेरिकन कंपनीने तो ७ जुलै २०१५ ला बाजारात आणला. त्याआधी २००८ मध्ये त्यांनी असाच एक गेम काढला होता, 'सुपरसॉनिक अ‍ॅक्रोबॅटिक रॉकेट-पॉवर्ड बॅटल-कार्स'. नाव उच्चारतानाच दम लागतो. तो काही फार चालला नाही, पण रॉकेट लीग चालला. २०१९ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सने कंपनी विकत घेतली, सप्टेंबर २०२० पासून गेम फुकट झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मोबाईलसाठी 'साइडस्वाइप' नावाची आवृत्ती आली.

मुख्य गेममध्ये तीन विरुद्ध तीन, पाच मिनिटांची मॅच. मैदानाला चारी बाजूंनी भिंती आणि वर छत, त्यामुळे चेंडू बाहेर जातच नाही. गाडी भिंतीवरही चढते. फाऊल नाही, ऑफसाइड नाही. पूर्ण वेगात जाऊन समोरच्याची गाडी उडवली तरी चालतं. तो तीन सेकंदांनी पुन्हा मैदानात येतो. पैसे देऊन गाडीचा रंग, चाकं, मागचा धूर बदलता येतो, पण वेग विकत मिळत नाही. गाडीच्या आकारात थोडाफार फरक असतो तेवढाच. खिशात पाचशे रुपये जास्त आहेत म्हणून कुणी पुढे जात नाही, ही या गेमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

नांदेडकरांना यातली एक गोष्ट चटकन कळेल, कारण त्यांच्या शहरात हॉकी आहे. गुरू गोविंदसिंघजींच्या नावाने तिथे हिवाळ्यात अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, बाहेरून संघ येतात. हॉकीने नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम काढून टाकला. तेव्हापासून पुढचा खेळाडू खुशाल विरुद्ध गोलपाशी जाऊन उभा राहू शकतो. पण म्हणून अकराच्या अकरा जण तिथे जाऊन उभे राहतात का? नाही. नियमाने अडवलेलं नसलं तरी कुणी कुठे थांबायचं हे संघाला ठरवावंच लागतं. रॉकेट लीगमध्येही मोकळीक तेवढीच आहे, फक्त ठरवायला माणसं तीनच.

चेंडूशी शर्यत लावून उपयोग नाही

आता थोडं गणित. अवघड नाही.

खेळाडूंनी गेमच्या आतले आकडे मोजून ठेवलेत. गेममधलं एक एकक म्हणजे एक सेंटीमीटर धरलं, तर मैदान साधारण १०२ मीटर लांब आणि ८२ मीटर रुंद येतं. हॉकीचं मैदान ९१.४ बाय ५५ मीटर असतं, म्हणजे हे त्याहून मोठं. गाडी मात्र साधारण सव्वा मीटर लांब भरते आणि चेंडू जवळपास दोन मीटर व्यासाचा. थोडक्यात, ही खेळण्यातली गाडी आहे आणि चेंडू तिच्याहून मोठा.

नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर ही गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. बूस्ट, म्हणजे मागचं रॉकेट, वापरलं तर २३ मीटरपर्यंत पोचते, त्यापुढे नाही. चेंडूची कमाल मर्यादा आहे सेकंदाला ६० मीटर.

म्हणजे एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जायला साध्या गाडीला सात सेकंदांच्या वर लागतात, पूर्ण वेगातल्या गाडीला साडेचार. जोरात बसलेला चेंडू तेच अंतर पावणेदोन सेकंदांत कापू शकतो. प्रत्येक फटका इतका जोरात नसतो, हे खरं. पण अर्ध्या जोरात बसला तरी तुम्ही त्याला मागून गाठू शकत नाही.

सगळा खेळ या आकड्यांवर उभा आहे. चेंडू जिथे आहे तिथे धावायला सुरुवात केली, तर तुम्ही पोचेपर्यंत तो तिथे नसतो. म्हणून तो जिथे येणार आहे तिथे कुणीतरी आधीच असावं लागतं. आणि तिघंही चेंडूपाशी असतील तर तो जिथे येणार आहे तिथे कोण असणार?

रहाटगाडगं

रोटेशन समजावताना बहुतेक जण कागदावर गोल काढून बाण दाखवतात. मला विचाराल तर आपल्याकडे त्याहून चांगलं चित्र आहे, विहिरीवरचं रहाटगाडगं. चाकावर माळेने गाडगी बांधलेली. एक वर येऊन पाणी ओततं, तेव्हा दुसरं भरून वर येत असतं आणि तिसरं खाली पाण्यात बुडत असतं. ओतून रिकामं झालेलं गाडगं वरच अडून बसलं तर सगळा रहाट थांबतो.

तीन खेळाडूंचं तसंच आहे. पहिला चेंडूवर जातो. तो फटका मारेल, समोरच्याशी भिडेल, किंवा नुसता त्याला घाई करायला लावेल. दुसरा त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून येतो. पहिल्याचा पास आला तर गोल मारायला आणि पहिला हुकला तर चेंडू अडवायला. तिसरा मागे राहतो, सगळं मैदान डोळ्यांसमोर ठेवून. पहिल्याचं काम झालं की तो बाजूला होतो, मागे फिरतो, वाटेत बूस्ट भरतो आणि तिसरा होतो. दुसरा आपोआप पहिला होतो, तिसरा दुसरा.

इथे एक बारकी गोष्ट आहे आणि सगळी गडबड तिथेच होते. 'काम झालं' म्हणजे 'गोल झाला' असं नाही. चेंडूला तुमचा एक स्पर्श झाला आणि पुढचा स्पर्श तुमच्या आवाक्यात नसला की तुमचं काम झालं. फटका भिंतीवर आदळून परत आला तर तो आता दुसऱ्याचा. पण माणसाचा स्वभाव असा की आपण मारलेला चेंडू आपलाच वाटतो. मग तो गर्रकन वळतो आणि चेंडूमागे पुन्हा पळतो. तेवढ्यात समोरून दुसराही आलेला असतो, आणि दोन गाड्या एकमेकींवर आदळतात. क्रिकेटमध्ये उंच उडालेल्या कॅचखाली दोघे फिल्डर "माझा, माझा" करत एकमेकांवर आपटतात, ते हेच.

ज्यांनी शाळेत खो-खो खेळलाय त्यांना हे जास्त लवकर उमगेल. पाठलाग करणारा 'खो' देतो आणि त्या जागेवर बसतो. बसावंच लागतं, नियमच तसा आहे. तो बसतो म्हणून दुसरा ताज्या दमाने उठतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले. त्या मॅचेसचे व्हिडिओ पुन्हा बघा आणि या वेळी पळणाऱ्याकडे बघू नका, खो देणारा किती पटकन खाली बसतो ते बघा. रॉकेट लीगमध्ये बसायला लावणारा पंच नाही. स्वतःच बसायचं असतं, म्हणून ते अवघड.

परतायचं ते लांबच्या खांबाकडे

मागे फिरताना रस्ता कोणता घ्यायचा? नवा खेळाडू सरळ रेषेत, चेंडूच्याच बाजूने परततो, कारण तो जवळचा रस्ता. त्यात दोन तोटे. एक तर तो समोरून येणाऱ्या आपल्याच मित्राच्या वाटेत येतो. दुसरं म्हणजे गोलपाशी पोचतो तेव्हा त्याचं तोंड स्वतःच्या जाळीकडे आणि पाठ चेंडूकडे असते. घाईत लागलेला स्पर्श मग स्वतःच्याच गोलमध्ये जातो.

म्हणून चेंडू उजव्या बाजूला असेल तर डावीकडून वळसा घेत मागे यायचं आणि गोलच्या लांबच्या खांबापाशी, म्हणजे चेंडूपासून दूरच्या खांबापाशी, वळून उभं राहायचं. रस्ता थोडा लांबचा पडतो. पण तिथून चेंडू, समोरची टीम आणि आपले दोघं, सगळं एका नजरेत दिसतं. कुणी गोलवर मारलं तर तुम्ही तोंड पुढे करून त्यात जाता आणि चेंडू लांब मैदानात जातो. ही एक सवय लागली तरी खाल्लेले गोल कमी होतात, यावर गेमचे जाणकार सहसा भांडत नाहीत. बाकी सगळ्यावर भांडतात.

बूस्टचा हिशोब

टाकी पूर्ण भरली की १०० बूस्ट. बटण दाबून धरलं तर ती तीन सेकंदांत संपते. तीन! त्यामुळे बूस्ट कुठून आणायचं हा प्रश्न सारखा डोक्यात राहतो, आणि तोच माणसाला जागेवरून हलवतो.

मैदानावर सहा मोठे गोळे असतात, प्रत्येकी टाकी पूर्ण भरणारे. चार कोपऱ्यांत, दोन मधल्या रेषेच्या टोकांना. ते उचलले की दहा सेकंदांनी परत येतात. सगळ्यांची नजर त्यांच्यावर. पण जमिनीवर २८ छोटे ठिपकेही असतात, प्रत्येकी १२ बूस्ट देणारे आणि चार सेकंदांतच परत येणारे. मोठ्या गोळ्यासाठी कोपऱ्यात गेलात की तुम्ही त्या काही सेकंदांपुरते खेळात नसता. तेच मागे परतताना वाट थोडी वाकडी करून चार ठिपक्यांवरून गाडी नेली तर ४८ बूस्ट मिळतं आणि नजर चेंडूवरच राहते. चांगला खेळाडू ओळखायचा असेल तर त्याचे गोल मोजू नका, तो मोठ्या गोळ्यासाठी किती वेळा वाट सोडतो ते बघा.

आणि हो, मित्र समोर मोठ्या गोळ्याकडे जातोय आणि तो मागून परतणारा आहे, तर तो गोळा त्याचा. तुमच्या टाकीत ७० असताना वरचे ३० भरायला तो गिळलात, तर पुढच्या हल्ल्यात तो रिकाम्या टाकीने गोलमध्ये उभा असेल आणि गोल बसल्यावर दोष त्यालाच मिळेल.

बूस्टशिवायही वेग मिळतो. उडी मारून लगेच पुढे कोलांटी घेतली की गाडीला सेकंदाला पाच मीटरपर्यंतची भर पडते, तीही फुकट. पण कोलांटी घेत असताना गाडी वळवता येत नाही, हे लक्षात ठेवायचं. म्हणून लांब, मोकळ्या रस्त्यावर कोलांटी. समोर कुणी असेल तर चाकं जमिनीवरच. उलट्या दिशेला जायचं असेल तर मोठा वळसा घेण्याऐवजी मागे कोलांटी घेऊन ती अर्ध्यावर थांबवतात आणि गाडी हवेतच सरळ करून घेतात. याला 'हाफ फ्लिप' म्हणतात. ही शिकायला आठवडाभर त्रास होतो, पण परतण्याचा वेळ खूप वाचतो. हवेत उडून गोल मारण्याआधी ही शिका, असं माझं स्पष्ट मत आहे. उडून मारलेला गोल इन्स्टाग्रामवर जातो, हाफ फ्लिप कुणी बघतही नाही. पण मॅचमध्ये उडायची संधी क्वचित येते आणि मागे वळायची दर दहा सेकंदांनी.

एकटे मागे आणि समोरून गाडी आली तर

तुम्ही शेवटचे आहात, समोरचा चेंडू घेऊन येतोय. हात शिवशिवतात. वाटतं, जाऊन भिडावं. आणि नेमकं तेच त्याला हवं असतं. तुम्ही उडी मारली की तो चेंडूला हलका धक्का देतो, चेंडू तुमच्या डोक्यावरून जातो, मागे कुणी नाही.

अशा वेळी चेंडू आणि गोल यांच्या मधे राहून, त्याच्याच दिशेने, त्याच्यासोबत मागे मागे यायचं. सावलीसारखं. याला 'शॅडो डिफेन्स' असंच म्हणतात. तुम्ही त्याला अडवत नाही, फक्त त्याचा वेळ खाता. त्याला शेवटी काहीतरी करावंच लागतं, आणि तोवर तुमचा एक मित्र लांबच्या खांबापाशी पोचलेला असतो. तो पोचला की मग भिडा.

दोघे एकाच वेळी चेंडूला भिडतात तेव्हाही तो जिंकायलाच हवा असं नाही. चेंडू तिथेच अडला किंवा तुमचा मित्र ज्या बाजूला आहे तिकडे उडाला तरी पुरे.

सुरुवातीच्या फटक्याचंही एकदाच ठरवून टाका. चेंडूच्या सगळ्यात जवळचा जातो. दोघे सारख्याच अंतरावर असतील तर डावीकडचा जातो, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. न ठरवता खेळणाऱ्या टीममध्ये पहिल्या तीन सेकंदांतच दोघं एकमेकांवर आपटतात किंवा दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. पहिले आप, पहिले आप.

पिंगचं काय?

आता मराठवाड्यातल्या खेळाडूचा खरा प्रश्न. गेम सर्व्हरवर चालतो. तुमचं बटण सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो तो पिंग. फायबरच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नांदेड ते मुंबई हवाई अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आत, म्हणजे जाऊन-येऊन पाच मिलीसेकंदांचाही खेळ नाही. मुंबईपासून दुबई १९०० किलोमीटर, सिंगापूर ३९००. तिकडच्या सर्व्हरवर खेळलात तर नुसत्या अंतराचेच २० ते ४० मिलीसेकंद. तारा सरळ जात नाहीत आणि मधे थांबे असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा याच्या बराच वर जातो.

समजा ८० मिलीसेकंद पिंग आहे. ताशी १०० किलोमीटरने जाणारा चेंडू तेवढ्यात सव्वादोन मीटर सरकतो, जवळपास दोन गाड्यांच्या लांबीइतका. गेम मधल्या काळात चेंडू कुठे असेल याचा अंदाज बांधून तुम्हाला दाखवत राहतो. पण समोरच्याने अचानक फटका मारला तर अंदाज चुकतो आणि चेंडू डोळ्यांदेखत उडी मारून दुसरीकडे दिसतो. अशा वेळी हवेतली बारीक कलाकुसर जमत नाही. ती न जमणं हा तुमचा आळस नाही, ते भूगोल आहे.

पण बघा, लांबच्या खांबाकडे परतायला ८० मिलीसेकंदांनी काय फरक पडतो? काहीच नाही. दुसऱ्याने अंतर ठेवायला, मित्राचा बूस्ट न गिळायला, सावलीसारखं मागे यायला पिंग लागत नाही. या सगळ्या निर्णयांना सेकंद-दीड सेकंदाचा अवधी असतो. उलट अंतर ठेवून खेळलात तर चेंडू तुमच्यापर्यंत यायला जास्त वेळ लागतो आणि चुकलेला अंदाज दुरुस्त व्हायला जागा मिळते. पिंग जास्त असलेल्याने जवळून भिडायचं टाळावं आणि जागा धरून खेळावं, हे साधं तर्काचं आहे. मोठ्या शहरातल्या पोरापेक्षा तुमची तार लांब असेल, पण मैदान त्यालाही तेवढंच दिसतं.

बाकी पिंगपेक्षा वाईट असतं ते त्याचं वरखाली होणं. एका क्षणाला ५०, पुढच्या क्षणाला २००. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे जास्त होतं. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत वायर टाकणं हा स्वस्तातला स्वस्त उपाय. आणि लाईट जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर बंद पडतो, याचा अनुभव आपल्या भागात कुणाला नाही? राउटरपुरती छोटी बॅटरी मिळते, ती लावा. सरावाच्या 'फ्री प्ले'मध्ये मात्र सर्व्हर लागत नाही, त्यामुळे तिथे हाफ फ्लिप घोटायला पिंगचा काही संबंध नाही.

दोघंच असाल तर

बरेच जण दोन विरुद्ध दोन खेळतात. रहाटाला दोनच गाडगी. इथे नियम आणखी कडक होतो, कारण तिसरा नाही. पहिला हुकला की दुसऱ्याने लगेच झडप घालायची नाही, सावलीसारखं मागे यायचं आणि पहिला परतेपर्यंत वेळ काढायचा. मोबाईलवरच्या साइडस्वाइपमध्ये मैदान बाजूने दिसतं, मॅच दोन मिनिटांची, गाड्या सारख्या हवेत. तिथे लांबचा खांब वगैरे नसतो. पण एकाने चेंडूवर जायचं आणि दुसऱ्याने गोलच्या बाजूला राहायचं, एवढं तिथेही तसंच.

एसटीतला रुमाल

बोलणं कसं करायचं? फोनवर किंवा डिस्कॉर्डवर असाल तर फार बोलू नका. तीनच शब्द पुरतात. "माझा", "सोडला", "बूस्ट नाही". एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात ना, "माझा" म्हणजे तो रुमाल. एकदा टाकला की दुसरा तिथे बसत नाही. पण टाकलाय तर तुम्ही बसायचं. रुमाल टाकून तिसऱ्याच सीटवर जाऊन बसणाऱ्याशी बसमध्येही भांडण होतं. आणि जायचं नसेल तर "सोडला" म्हणणं जास्त महत्त्वाचं, कारण गप्प राहिलेल्याचं काय चाललंय ते दुसऱ्याला कळत नाही.

गेमच्या आत तयार वाक्यं पाठवायची सोय आहे. 'आय गॉट इट', 'नीड बूस्ट' वगैरे. त्यातलंच एक 'व्हॉट अ सेव्ह!'. कंपनीने ते कौतुकासाठी दिलं होतं. आता मित्राचा सोपा चेंडू सुटला की लोक तेच लागोपाठ तीनदा पाठवतात. टोमणा मारायला आपल्याकडे शिकवावं लागत नाही, पण टोमणा खाल्लेला खेळाडू पुढच्या चेंडूला चूक भरून काढायला एकटाच धावतो, जागा सोडतो आणि रहाट मोडतो. रिझल्ट हवा असेल तर ते बटणच काढून ठेवा. सेटिंगमध्ये बदलता येतं.

शून्य सेकंद

घड्याळ संपलं तरी मॅच लगेच संपत नाही, चेंडू जमिनीला टेकल्यावर संपते. तो हवेत आहे तोवर खेळ चालू. जून २०१८ मध्ये लंडनच्या कॉपर बॉक्स अरेनात रॉकेट लीगच्या पाचव्या व्यावसायिक मोसमाची अंतिम लढत झाली, एनआरजी विरुद्ध डिग्निटास. एनआरजी मागे होती, घड्याळात शून्य, चेंडू हवेत, आणि जस्टिन मोरालेस या पोराने गोल मारून बरोबरी केली. तो व्हिडिओ आजही फिरतो. जे फिरत नाही ते असं की त्यानंतरच्या जादा वेळेत डिग्निटास जिंकली आणि विजेतेपदही त्यांचंच.

घरच्यांसाठी एक परिच्छेद

लातूर-नांदेडात पोरगं शिकवणीला असताना गेम खेळतं म्हटलं की घरी जीव वर-खाली होतो, ते बरोबरच आहे. फक्त एक फरक माहीत असावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळी मान्यता दिली. रॉकेट लीगमध्ये पैज लावून पैसे जिंकायचे नसतात, हा दुसऱ्या गटातला गेम. वेळ मात्र तो खातोच. मॅच पाच मिनिटांची म्हणतात, पण गोल झाला की घड्याळ थांबतं, जादा वेळ लागतो, सहज सात-आठ मिनिटं जातात. आणि ऑनलाइन मॅच 'पॉज' होत नाही. रँकच्या मॅचमधून मधेच उठलं तर गेम काही वेळ खेळूच देत नाही आणि मागे राहिलेल्या दोघांना तिघांशी खेळावं लागतं. त्यामुळे "जेवायला ये" ला "पाच मिनिटं" हे उत्तर या एका बाबतीत खरं असू शकतं. किती मॅच खेळायच्या ते बसण्याआधीच ठरवलं तर दोन्ही बाजू सुखी.

आज रात्री करून बघायचं असेल तर

हरलेल्या एका मॅचचा रिप्ले सेव्ह करा. फक्त खाल्लेले गोल बघा. गोलचा क्षण नाही, त्याच्या पाच सेकंद आधी थांबवा आणि वरून बघायचा कॅमेरा लावा. तिघांनी आपापली गाडी शोधा. गोल कुणामुळे बसला हे विचारू नका. पाच सेकंद आधी पहिला कोण होता, दुसरा कोण, तिसरा कोण, एवढंच विचारा. दोघांनी एकदम "पहिला मीच" म्हटलं, तर पुढचा गोल बघायला घ्या. तिथेही बहुधा तेच दोघं असतील.